ओईटीच्या पत्रात काळ चुकतात. हॅज, हॅड आणि साधा भूतकाळ कसा ओळखायचा?

मेडिसिन_वॉर्ड_मिरज

नमस्कार. मिरजेत एका हॉस्पिटलला अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. शाळा कवठेमहांकाळ तालुक्यात, मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून.

इंग्लंडला जायचं म्हणून ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्सांसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, बोलणं तिन्हीत बी ग्रेड आला. लिहिण्यात 280. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिहिण्यात सी प्लस चालतो, म्हणजे 300. वीस गुणांनी राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका पेशंटच्या केस नोट्स देतात. त्या वाचायला पाच मिनिटं आणि त्यावरून पत्र लिहायला चाळीस मिनिटं. पत्र साधारण 180 ते 200 शब्दांचं, बहुतेक वेळा रेफरलचं नाहीतर डिस्चार्जचं.

तीन महिने एका क्लासला जात होते. तिथे बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतला. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन, ‘आय गो, आय ॲम गोइंग, आय हॅव गॉन, आय हॅव बीन गोइंग’. पण पत्र लिहायला बसले की हात थांबतो. कुठला खण उचलायचा तेच कळत नाही. सरावाच्या पत्रांतली ही माझी वाक्यं, सगळ्यांखाली लाल रेघ आहे:

‘पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स फाइव्ह डेज.’
‘शी हॅज अंडरगॉन सर्जरी ऑन टेन्थ मार्च.’
‘यस्टर्डे शी हॅड कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन.’
‘शी डिड नॉट टूक हर टॅब्लेट्स.’
‘व्हेन शी विल गो होम, शी विल नीड डेली ड्रेसिंग.’

बरोबर वाक्य काय ते वर लिहून दिलं. का, ते विचारलं तर ‘इंग्रजीत असंच असतं’ म्हणाले. मला ते ‘का’ हवंय. ते कळल्याशिवाय सहाव्या वाक्यात मी पुन्हा तिथेच चुकणार. पुढची परीक्षा दोन महिन्यांनी आहे. ड्युटी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास यातून रोज चाळीस मिनिटं निघतात. त्यात नेमकं काय करू?

सागर_इचलकरंजी

ताई, मी बँकेच्या परीक्षेसाठी मोबाइलवर रोज वीस रिकाम्या जागा भरायचो. उत्तर लगेच कळतं, वेळही कमी लागतो. मला खूप फायदा झाला. करून बघा.

मेडिसिन_वॉर्ड_मिरज

धन्यवाद दादा. त्या मीही भरते आणि वीसात सोळा-सतरा बरोबर येतात. पण तिथे वाक्यात ‘यस्टर्डे’ नाहीतर ‘सिन्स’ आधीच छापलेलं असतं आणि क्रियापद कंसात तयार असतं. केस नोट्समध्ये क्रियापदच नसतं. ‘छातीत दुखणे, 2 दिवस. मधुमेह, 2016. गोळ्या बंद.’ एवढंच. माझी गाडी तिथे अडते.

खटावचे_गुरुजी

सिस्टर, तुमची पाचही वाक्यं दोनदा वाचली. प्रत्येकाखाली एक शुद्ध मराठी वाक्य आहे. मराठीत ते बिनचूक आहे आणि तुम्ही ते इमानाने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलंय. त्यामुळे नुसतं इंग्रजी व्याकरण घोकून भागणार नाही. आपलं क्रियापद काय सांगतं आणि त्यांचं काय सांगतं, ते शेजारी ठेवून बघायला हवं.

मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी पाचवीच्या पोरांना शिकवत होतो, नंतर पहिलीच्याही. बारा खणांचा तक्ता मीही बरीच वर्षं फळ्यावर काढला. पोरं तो गाण्यासारखा म्हणायची आणि ‘काल काय केलंस?’ विचारलं की गप्प व्हायची. शेवटी तक्ता पुसला आणि एसटीपासून सुरुवात केली.

आमच्या शाळेतून फाटा दिसायचा. सकाळच्या वडूज गाडीचा धुरळा उठला की पोरं ओरडायची, ‘एसटी आली!’ गाडी अजून अर्धा किलोमीटर लांब. मी विचारायचो, ‘खरंच आली का रे?’ ‘नाही गुरुजी, येतीये.’ ‘मग आली का म्हणालास?’ पोरगं विचारात पडायचं. रूप भूतकाळाचं, गोष्ट मात्र अजून व्हायची आहे. आईने हाक मारली की ‘आलो, आलो’ म्हणतो तेही तसंच, जागचा उठलेला नसतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज कमिंग’, ‘ॲम कमिंग’ येतं. हे एकदा पोरांना पटलं की मराठीचं रूप बघून इंग्रजीचं रूप उचलायचं नाही, हे वेगळं सांगावं लागत नसे. रूप बाजूला ठेवायचं आणि गोष्ट कधीची आहे ते बघायचं.

आता तुमची वाक्यं घेतो. सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्यात आहे, म्हणून ते आधी.

‘काल तिने छातीत दुखतंय अशी तक्रार केली होती.’ मराठीत इथे ‘होती’ सहज येतं. ‘बाबा पुण्याला गेले’ आणि ‘बाबा पुण्याला गेले होते’ यांतला फरक आठवा. पहिल्यात बाबा अजून पुण्यातच असतील. दुसऱ्यात जाऊन परत आले. आपलं ‘होतं’ सांगतं की ती गोष्ट होऊन गेली, आता मिटली. इंग्रजीतलं ‘हॅड’ हे काम करत नाही. त्याला भूतकाळातल्या दोन गोष्टी लागतात, आणि त्यांतली जी आधी घडली तिच्यामागे ते लागतं. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ पोचणं एक, गाडी सुटणं त्याच्या आधीचं. गोष्ट एकच असेल तर ‘हॅड’ला उभं राहायला जागा नाही. म्हणून ‘शी कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन यस्टर्डे’. पण केस पेपरवर असं असेल, की दुखायला लागलं त्याच्या दोन दिवस आधी तिने गोळ्या सोडल्या, तर तिथे ‘हॅड’ हक्काने घाला: ‘शी हॅड स्टॉप्ड टेकिंग हर टॅब्लेट्स टू डेज बिफोर द पेन स्टार्टेड.’ शिकलेल्या माणसांच्या पत्रांतही मला हे फुकटचं ‘हॅड’ सगळ्यात जास्त दिसतं.

दुसरं वाक्य. ‘दहा मार्चला ऑपरेशन झालंय.’ मराठीला हे चालतं. इंग्रजीत ‘हॅज अंडरगॉन’ आणि तारीख एका वाक्यात नांदत नाहीत. हॅज-हॅवच्या वाक्यात घड्याळ आणि कॅलेंडर टांगायचं नाही, असं मी पोरांना सांगायचो. तारीख सांगायची आहे? मग ‘शी अंडरवेंट सर्जरी ऑन टेन्थ मार्च’. तारीख नको, आजवर किती ऑपरेशनं झाली एवढंच डॉक्टरांना कळायला हवंय? मग ‘शी हॅज हॅड टू ऑपरेशन्स’. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ‘सिन्स’च्या मागून येणारी तारीख चालते, कारण ती सुरुवात कुठे झाली ते दाखवते आणि गोष्ट तिथून आजपर्यंत चालत आलेली असते.

यावरूनच पहिलं वाक्य. ‘पासून’ हा आपला शब्द दोन कामं करतो. ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत ही कामं दोघांकडे आहेत. ‘सिन्स’ मैलाचा दगड दाखवतो, जसा सोमवार, 2016 किंवा ऑपरेशनचा दिवस. ‘फॉर’ अंतर मोजतो, पाच दिवस, दहा वर्षं. म्हणून ‘फॉर फाइव्ह डेज’. राहिलं क्रियापद. आपण ‘ताप आहे’ म्हणून मोकळे होतो, नजर आजवर असते. इंग्रजीची नजर मागच्या टोकापासून इथपर्यंत फिरते, म्हणून ‘शी हॅज हॅड अ फीव्हर फॉर फाइव्ह डेज’. आणि ‘इज हॅविंग’ कशाला नको? ताप, मधुमेह, रक्तदाब ही माणूस करत असलेली कामं नाहीत, त्या स्थिती आहेत. जेवण चालू असेल तर ‘इज हॅविंग लंच’ बरोबर. ताप मात्र नुसता ‘हॅज’.

चौथं. ‘तिने गोळ्या घेतल्या नाहीत.’ आपल्याकडे भूतकाळ ‘घेतल्या’त असतो, ‘नाही’ला त्याचा पत्ता नसतो. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललं की मागचं क्रियापद रिकाम्या हाताने चालतं: ‘डिड नॉट टेक’. एका ओझ्याला दोन हमाल लावायचे नाहीत.

पाचवं सोपं आहे. ‘घरी जाईल तेव्हा लागेल’ यात आपण दोन्हीकडे भविष्य ठेवतो. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांच्या बाजूला ‘विल’ घालत नाहीत, पलीकडच्या बाजूला घालतात. ‘व्हेन शी गोज होम, शी विल नीड डेली ड्रेसिंग्ज.’

आता चाळीस मिनिटांत काय करायचं ते.

तुम्ही सागररावांना जे लिहिलंत, की केस नोट्समध्ये क्रियापदच नसतं, तिथेच तुमच्या सरावाची दिशा आहे. रोज एक पेशंट घ्या, तुमच्याच वॉर्डातल्यासारखा. त्याच्या दहा तुटक नोंदी लिहा, एकाही नोंदीत क्रियापद नको. मग प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने मराठीत ‘कधी?’ याचं उत्तर लिहा. उत्तरं चारच ठेवा. ‘तारखेचं’, ‘अजून चालू’, ‘त्याच्याही आधीचं’, ‘पुढचं’. दहाही उत्तरं होईपर्यंत इंग्रजीचा एक शब्द लिहायचा नाही. त्यानंतर वाक्यं करा. दुसऱ्या दिवशी कालची वाक्यं न बघता, त्याच नोंदींवरून पुन्हा लिहा आणि ताडून पाहा. दहाच करा. वीस केलीत तर ‘कधी’ विचारायचा कंटाळा येईल आणि हात जुन्या सवयीने चालेल.

तक्ता सध्या कपाटात ठेवा. पाठ आहेच, तो कुठे जात नाही.

लेस्टरची_कोल्हापूरकर

गुरुजी, नमस्कार करते. हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझी एक परीक्षा वाचली असती.

ताई, मी कोल्हापूरची, इथे लेस्टरला सर्जिकल वॉर्डला आहे. मीही लिहिण्यातच अडकले होते. तुला वाटत असेल की परीक्षा झाली की हे संपलं. म्हणून एक प्रसंग सांगते. इथे आल्यावर दुसऱ्या महिन्यात सकाळी ओव्हर देत होते, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सांगत होते. एका आजोबांना रात्री दोनला छातीत दुखलं होतं, डॉक्टर बघून गेले, ईसीजी झाला, चारपर्यंत ते शांत झोपले. मी ओव्हरमध्ये म्हणाले, ‘ही इज हॅविंग चेस्ट पेन.’ माझ्या डोक्यात ‘छातीत दुखतंय म्हणत होते’ असं होतं. पुढच्या शिफ्टची नर्स तिथून उठून ईसीजीचं मशीन घेऊन पळाली. आजोबा चहा पीत बसले होते. मला कुणी काही बोललं नाही. तिने शांतपणे विचारलं, ‘यू मीन ही हॅड?’ त्या दिवसापासून ‘हॅज’ आणि ‘हॅड’ माझ्यासाठी मार्कांचा विषय राहिला नाही. म्हणून म्हणते, हे नीट शिक. तुझ्या पत्रावरून कुणीतरी पळणार आहे किंवा थांबणार आहे.

गुरुजींनी कॅलेंडरचं सांगितलं ते इथे दिवसभर कानावर पडतं. सिस्टर विचारतात, ‘हॅव यू डन द ऑब्झ?’ ऑब्झ म्हणजे बीपी, पल्स, टेंपरेचर, श्वास, ऑक्सिजन वगैरे. आपण म्हणायचं, ‘यस, आय डिड देम ॲट टेन.’ प्रश्नात हॅव, कारण झालंय की नाही एवढंच हवंय. उत्तरात ‘ॲट टेन’ आलं की लगेच डिड. हे दोन ओळींचं बोलणं पाठ कर. त्यात अर्धं व्याकरण आहे.

अजून एक, हे पुस्तकात मला सापडलं नव्हतं. बोलताना हे लोक ‘हॅज’ पूर्ण म्हणत नाहीत. ‘शीज बीन सिक’ आणि ‘शीज टेकिंग पॅरासिटामॉल’, दोन्हीकडे ‘शीज’ सारखंच ऐकू येतं. पहिलं ‘हॅज’ आहे, दुसरं ‘इज’. पुढचा शब्द ऐकायचा. ‘बीन’ आलं की हॅज, ‘-इंग’ आलं की इज. ‘शीड’चंही तेच, ते ‘हॅड’ही असतं आणि ‘वुड’ही. ‘शीड स्टॉप्ड’ म्हणजे हॅड, ‘शीड लाइक’ म्हणजे वुड.

आणि वॉर्डात लागतात तेवढीच अनियमित क्रियापदं वेगळी काढ, तीस-पस्तीस होतात. ब्लीड-ब्लेड, स्वेल-स्वेल्ड-स्वोलन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, वेक-वोक-वोकन. ‘फॉल’चं ‘फेल’ आणि ‘फील’चं ‘फेल्ट’ तर भिंतीवर लाव. ‘पेशंट फेल्ट फ्रॉम द बेड’ हे मी स्वतः लिहिलेलं आहे.

सरावाला वॉर्डातला पेशंट घेशील तेव्हा नाव, वय, गाव सगळं बदल. वहीत घरी काही नेऊ नकोस.

मेडिसिन_वॉर्ड_मिरज

गुरुजी, ताई, नऊ दिवस झाले. मुद्दाम आधी लिहिलं नाही, करून मग लिहावं म्हटलं.

पहिले दोन दिवस ‘कधी?’ लिहायलाच अर्धा तास गेला. मी इतकी वर्षं रोज केसपेपर लिहिते, पण गोष्ट चालू आहे की संपली हे मनात असतं, कागदावर कधी उतरवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मुलगी शेजारी बसायला लागली. सात वर्षांची आहे. ती नोंद वाचते आणि मोठ्याने विचारते, ‘कधी गं?’ मी सांगितलं की पेन्सिलीने तीच लिहिते. ‘अजून चालू’ लिहायला तिला फार आवडतं.

‘फुकटचं हॅड’ मोजलं. पहिल्या दिवशी दहा वाक्यांत सहा होते. काल एक.

कालच्या चार नोंदी आणि वाक्यं टाकते:

खोकला, 3 आठवडे. अजून चालू. ‘शी हॅज हॅड अ कफ फॉर थ्री वीक्स.’

सलाईन काढलं, आज सकाळी 8. तारखेचं. ‘हर ड्रिप वॉज रिमूव्हड ॲट एट धिस मॉर्निंग.’

पडली, ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री. त्याच्याही आधीचं. ‘शी हॅड फॉलन द नाइट बिफोर शी वॉज ॲडमिटेड.’

मधुमेह निदान 2016, तेव्हापासून मेटफॉर्मिन. अजून चालू. ‘शी हॅज बीन डायग्नोज्ड विथ डायबेटिस इन 2016 अँड इज टेकिंग मेटफॉर्मिन सिन्स देन.’

शेवटच्याबद्दल शंका आहे. मधुमेह तर अजून आहेच, म्हणून ‘अजून चालू’ लिहिलं.

खटावचे_गुरुजी

पहिली तीन बरोबर. तिसऱ्यात ‘हॅड फॉलन’ अचूक जागी आलंय, वाचून समाधान वाटलं. तिथे ‘बिफोर’ असल्यामुळे क्रम तसाही कळतो, म्हणून कुणी नुसतं ‘फेल’ लिहिलं तरी चूक धरणार नाहीत. पण तुम्ही विचार करून लिहिलंत, तसंच ठेवा.

चौथ्यात तुमची शंका रास्त आहे. मधुमेह चालू आहे, निदान मात्र चालू नाही. निदान एका दिवशी झालं आणि संपलं. नोंद एका ओळीत असली तरी तिच्यात दोन गोष्टी आहेत, म्हणून ‘कधी?’ दोनदा विचारावं लागेल. निदान ‘तारखेचं’, औषध ‘अजून चालू’. पहिल्या भागात साधा भूतकाळ येईल. दुसऱ्यात ‘इज टेकिंग’ चालणार नाही, कारण शेवटी ‘सिन्स’ उभा आहे. आता तुम्हीच लिहा.

मेडिसिन_वॉर्ड_मिरज

‘शी वॉज डायग्नोज्ड विथ डायबेटिस इन 2016 अँड हॅज बीन टेकिंग मेटफॉर्मिन सिन्स देन.’

2016 हे मला कॅलेंडर वाटलंच नव्हतं गुरुजी. दिवस-महिना नव्हता, नुसतं साल होतं.

खटावचे_गुरुजी

वाक्य पूर्ण बरोबर. साल, महिना, ‘लहानपणी’, ‘गेल्या आठवड्यात’, हे सगळं कॅलेंडरच. संपून गेलेला कुठलाही काळ सांगितला की हॅज-हॅव निघून जातं. ‘धिस वीक’ मात्र अजून संपलेला नसतो, तिथे ‘शी हॅज व्हॉमिटेड ट्वाइस धिस वीक’ चालतं. उद्याच्या दहा नोंदींत अशा तीन मुद्दाम घाला.

आणि आता सुटी वाक्यं पुरे. आठवड्यातून दोनदा पूर्ण पत्र लिहा, घड्याळ लावून.

लेस्टरची_कोल्हापूरकर

पत्र झालं की इथे टाक ताई. शेवटच्या परिच्छेदात फॉलोअपचं लिहिताना ‘इज ड्यू टू बी रिव्ह्यूड ऑन’ वापरून बघ, इथे डिस्चार्ज लेटरमध्ये रोज येतं.

मेडिसिन_वॉर्ड_मिरज

आज नाईट आहे. उद्या सकाळी झोपायच्या आधी नोंदी काढून ठेवते. मुलगी शाळेतून आली की ‘कधी?’ उरकून घेऊ आणि मग चाळीस मिनिटं लावून लिहीन. संध्याकाळपर्यंत इथे टाकते.